'सोडणे' आणि 'सुटणे' : शहरातून परतलेल्यांची स्मृती आणि मराठी साहित्य
(गारगोटी परिसराच्या विशेष संदर्भात)

१. विषयाची मांडणी

गाव सोडून शहराकडे जाणारा माणूस मराठी साहित्याला नवा नाही. गोविंद नारायण माडगांवकर यांच्या 'मुंबईचे वर्णन' (१८६३) या ग्रंथापासून पठ्ठे बापूराव यांच्या मुंबईच्या लावणीपर्यंत, आणि मामा वरेरकर यांच्या 'धावता धोटा' या कादंबरीपासून नारायण सुर्वे यांच्या कवितेपर्यंत, शहरात येणे, शहर पाहून दिपणे, शहरात भरडले जाणे हा आशय सातत्याने व्यक्त होत आला आहे. अण्णा भाऊ साठे यांच्या 'माझी मैना गावावर राहिली' या छक्कडीने तर शहरातील माणसाच्या गावाकडील ओढीला एक सर्वमान्य रूप दिले. या सर्व लेखनात विरहाची दिशा एकच आहे. माणूस शहरात असतो आणि त्याचे मन गावाकडे असते.

याच्या उलट दिशेच्या विरहाची दखल मात्र फारशी घेतली गेलेली नाही. शहर सोडून गावी परतलेल्या माणसाला शहराचे काय आठवते, काय आठवत नाही, आणि या दोहोंविषयी तो कोणत्या भाषेत बोलतो, हा प्रश्न वाङ्मयीन आहे तितकाच भाषिकही आहे. प्रस्तुत लेखात मुंबईच्या कापडगिरण्यांतून परतलेल्या कामगारवर्गाच्या अनुषंगाने या प्रश्नाचा विचार केला आहे. कोल्हापूरच्या दक्षिणेस वेदगंगेच्या काठी वसलेले, भुदरगड तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेले गारगोटी आणि त्याचा परिसर हे या विवेचनाचे केंद्र आहे.

२. पार्श्वभूमी

कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत पहिल्या कापडगिरणीची उभारणी आरंभिली. पुढील शतकभर रत्नागिरी, सातारा आणि कोल्हापूर या भागांतून कामगारांचा ओघ गिरणगावाकडे वाहत राहिला. हा ओघ एकमार्गी कधीच नव्हता. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला तेव्हा कामगार मोठ्या संख्येने गावोगाव परतले होते. राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात असे दाखवून दिले आहे, की कामगारांनी गावाशी नाते टिकवून ठेवले ते केवळ जुन्या सवयीमुळे नव्हे. बदली कामगाराला रोज काम मिळेलच याची शाश्वती नव्हती आणि आजारपणात वा संपात आधार नव्हता. अशा वेळी गावाकडील तुकडाभर जमीन हाच त्याचा विमा होता.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप लांबला तसा मुंबईतील खोलीचा आणि खाणावळीचा खर्च पेलणे अशक्य झाले, आणि ज्यांना गावी जमीन होती ते गावी आले. येथे एक बाब विशेष लक्षात घ्यावी लागते. यांपैकी बहुतेकांनी आपण मुंबई सोडीत आहोत असे मानले नव्हते. संप मिटेपर्यंत गावी राहावे, पेरणी-कापणीला हातभार लावावा आणि भोंगा वाजताच परत जावे, असा तो हिशेब होता. पुढे अनेकांसाठी तो भोंगा वाजलाच नाही. ज्या प्रस्थानाचा निरोप घेतला गेला नाही, ते प्रस्थान स्मृतीत पूर्णही होत नाही. या अपूर्णतेतच परतलेल्या माणसाच्या भावविश्वाचे मूळ आहे.

३. भाषेची साक्ष

गेलेल्या गोष्टीची उणीव जाणवणे यासाठी मराठीत एकच एक क्रियापद नाही. 'आठवण येते', 'करमत नाही', 'चुकल्याचुकल्यासारखे वाटते', 'हुरहूर लागते', 'ओढ वाटते' असे अनेक प्रयोग आहेत आणि प्रत्येकाची छटा निराळी आहे. 'मला आठवण येते' या रचनेत आठवण ही येणारी असून माणूस केवळ तिचे ठिकाण ठरतो. 'करमत नाही' या प्रयोगात तर कर्ता शोधूनही सापडत नाही. आठवण शहराची येते, पण करमत नाही ते मात्र गावात. पहिल्या प्रयोगात दूरच्या स्थळाची ओढ आहे, तर दुसऱ्यात जवळच्या स्थळाशी न जुळलेले सूर आहेत. परतलेला माणूस 'मुंबईची आठवण येते' असे म्हणण्याऐवजी 'इथं करमत नाही' असे म्हणतो, तेव्हा त्याची तक्रार मुंबईच्या अभावाविषयी नसून गावातील स्वतःच्या स्थानाविषयी असते.

याहून अधिक अर्थगर्भ आहे ती 'सोडणे' आणि 'सुटणे' ही जोडी. 'मुंबई सोडली' या वाक्यात निर्णय आहे आणि तो घेणारा कर्ता आहे. 'मुंबई सुटली' या वाक्यात निर्णय कोणाचा, ते सांगितलेले नाही. हातातली वस्तू सुटावी तशी मुंबई सुटली. परंतु 'मुंबईतून सुटलो' असे म्हणताच तेच क्रियापद मुक्ततेचा उच्चार करते. नोकरी सुटते तेव्हा हानी असते. तुरुंगातून सुटतो तेव्हा सुटका असते. गिरणगावात या क्रियापदाला आणखी एक रोजचा अर्थ होता. पाळी संपली, की 'गिरणी सुटली' असे म्हणत. १९८२ नंतर हेच वाक्य कायमच्या अर्थाने म्हणण्याची वेळ आली. हानी आणि मुक्ती एकाच धातूत सामावून घेणारी ही भाषा परतलेल्या माणसाची द्विधा अवस्था कोणत्याही विश्लेषणापेक्षा नेमकेपणाने सांगते.

४. उणीव कशाची?

शहराच्या आठवणीत प्रथम येतो तो काळाचा आकार. भोंगा, पाळी, पगाराचा दिवस आणि रविवारची सुट्टी यांनी गिरणी कामगाराचे आयुष्य आखलेले होते. शेतीचा काळ हंगामाचा; त्यात काम असते तेव्हा उसंत नसते आणि नसते तेव्हा दिवस सरत नाही. भुदरगडसारख्या भात, नाचणी आणि उसाच्या मुलुखात पैसा हाती येतो तो पीक निघाल्यावर. महिन्याच्या महिन्याला पगार घेण्याची सवय झालेल्या माणसाला ही प्रतीक्षा जड जाते. सहकारी दूधसंस्थांनी सकाळ-सायंकाळच्या संकलनाची वेळ आणि ठरावीक मुदतीचे बिल गावजीवनात आणले. त्यामुळे भोंग्याची आणि पगाराची जागा काही अंशी भरून निघाली, असे म्हणता येईल.

दुसरी उणीव संघजीवनाची. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे एका गावचे लोक, गावकीचे मंडळ, भजन, तालीम, गणेशोत्सव, युनियनची सभा आणि खाणावळीतील पंगत यांतून गिरणगावात एक दुसरेच गाव वसलेले होते. त्या गावात माणूस एकाच वेळी गारगोटीकडचा होता आणि कामगारही होता. गावी आल्यावर पहिली ओळख उरली, दुसरीला अर्थ राहिला नाही. भाऊकी आणि बांधाचे तंटे यांत वावरताना त्याला 'कामगार' म्हणून हाक मारणारा कोणी नव्हता.

तिसरी उणीव अनोळखीपणाची होय, आणि ती सर्वांची सारखी नाही. दलित कामगाराला शहराने गावकीच्या विहित कामांपासून मोकळे केले होते. अर्थात गिरणीतही जातिभेद होताच. धोट्यातील सूत तोंडाने ओढून घ्यावे लागते या कारणास्तव अस्पृश्य कामगारांना विणाई खात्यात प्रवेश नाकारला जाई, आणि डॉ. आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या काळात या प्रश्नाला वाचा फोडली होती. तथापि रस्त्यावर, ट्राममध्ये वा उपाहारगृहात जात न सांगता वावरता येण्याचा अनुभव शहरानेच दिला. जातीच्या वस्तीत परतणे म्हणजे हा अनुभव गमावणे होते. म्हणून 'शहराची आठवण' असे सरसकट न म्हणता ती कोणाची आठवण, हे प्रत्येक वेळी विचारणे अगत्याचे ठरते.

५. उणीव कशाची नाही?

न आठवणाऱ्या गोष्टींची यादीही तितकीच बोलकी आहे. नळावरची रांग, दहा बाय दहाची खोली, सूत तुटू नये म्हणून दमट ठेवलेली खात्यातील हवा, मागांचा कान बधिर करणारा खडखडाट, फुप्फुसात साठणारी कापसाची धूळ, जॉबरची मर्जी आणि सावकाराचे व्याज यांची उणीव कोणालाही भासण्याचे कारण नाही. या बाबतीत 'सुटलो' हाच शब्द खरा. मात्र शरीर तो मानीत नाही. धुळीने लागलेला दमा आणि मागांनी मंदावलेली श्रवणशक्ती गावीही सोबत येतात. मन विसरते ते शरीर जपून ठेवते.

येथे घरातील स्त्रीचा विचार केल्याशिवाय विवेचन पुरे होत नाही. घाटावरील अनेक कुटुंबांत पती मुंबईस आणि पत्नी गावी, अशी विभागणी पिढ्यानुपिढ्या चालत आली होती. शेत, जनावरे, सासू-सासरे आणि मुले यांचा कारभार तिने एकटीने पेलला. जात्यावरच्या ओव्यांत मुंबई वारंवार येते ती याच स्त्रीच्या मुखातून. तिच्या दृष्टीने मुंबई म्हणजे पोस्टमन, मनिऑर्डर आणि वर्षाकाठी सणाला येणारा पाहुणा. संपानंतर मनिऑर्डर थांबली आणि पाहुणा घरातच राहिला. जे घर त्याच्यावाचून चालायला शिकले होते, त्यात त्याला नव्याने जागा करून द्यावी लागली. पती मुंबईला मुकला. पत्नी मनिऑर्डरला तर मुकलीच, पण एकटीने चालविलेल्या कारभारातील अधिकारालाही काही अंशी मुकली. ओवीची परंपरा याच काळात पिठाच्या गिरणीमुळे क्षीण होत गेल्याने या दुसऱ्या गमावण्याला शब्दरूप मिळण्याची शक्यताही मावळत गेली.

६. साहित्यातील परतलेला माणूस

मराठी कादंबरीत शहरातून परतलेल्या नायकाचे सर्वात लक्षणीय उदाहरण म्हणजे भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला' (१९६३) मधील पांडुरंग सांगवीकर. पुण्यातील शिक्षण अर्धवट टाकून तो सांगवीस परततो. त्याच्या परतण्यात पराभव आहे, परंतु तो शिक्षित तरुणाचा पराभव आहे. घरी शेती आहे, आणि निरर्थकतेचा विचार करण्याची सवड आहे. गिरणी कामगाराला ती सवड नाही.

कोल्हापूर परिसरातील आनंद यादव यांचे 'झोंबी' (१९८७) हे आत्मचरित्र आणि त्याचे पुढील भाग यांत प्रवासाची दिशा कागलपासून शहराकडे आहे. गारगोटीत दीर्घकाळ अध्यापन केलेल्या राजन गवस यांनी 'चौंडकं' आणि 'तणकट' यांसारख्या कादंबऱ्यांतून या भागाचे समाजवास्तव समर्थपणे मांडले. त्यांचा रोख गावाच्या अंतर्गत रचनेवर आहे. जयंत पवार यांचे 'अधांतर' (१९९७) हे नाटक संपाने उद्ध्वस्त झालेल्या कुटुंबाचे चित्रण करते, मात्र ते कुटुंब चाळीतच राहिलेले आहे. साहित्याची नजर गिरणगावात स्थिरावली, एस.टी.ने गावी गेलेला माणूस त्या नजरेच्या बाहेर गेला.

या संदर्भात नारायण सुर्वे यांच्या चरित्रातील एक प्रसंग अन्वर्थक आहे. त्यांचा सांभाळ करणारे गंगाराम सुर्वे गिरणीतून निवृत्त झाल्यावर कोकणातील आपल्या गावी गेले. जाताना त्यांनी लहान नारायणाच्या हाती दहा रुपये ठेवले आणि तो मुलगा मुंबईतच राहिला. पुढे मराठी कविता त्या मुलाच्या मागे गेली, आणि ते योग्यच झाले. परंतु आयुष्यभराची गिरणी मागे टाकून गावाकडे निघालेल्या त्या वृद्धाला काय आठवत राहिले असेल, हा प्रश्न मराठी साहित्याने क्वचितच विचारला आहे.

७. समारोप

'शहर की गाव' ही मराठी समीक्षेतील रूढ विभागणी परतलेल्या माणसाला लागू पडत नाही, हे वरील विवेचनावरून स्पष्ट व्हावे. त्याच्या ठायी उणीव आणि सुटका या परस्परविरोधी जाणिवा एकाच वेळी नांदतात, आणि 'सुटणे' या क्रियापदात त्या दोन्ही सामावतात. या जाणिवा जात आणि लिंगभाव यांनुसार बदलतात. म्हणून त्यांना 'स्मरणरंजन' या एका शब्दात बसविणे अन्यायाचे ठरेल.

या प्रश्नाला एक व्यावहारिक बाजूही आहे. गिरण्यांच्या जमिनींवरील घरांसाठी दीड लाखांहून अधिक कामगारांनी व वारसांनी अर्ज केले. २०१२ पासून सोडती निघाल्या, तरी अर्जदारांच्या मानाने मिळालेली घरे थोडीच आहेत. या प्रक्रियेत कामगाराला आपण गिरणीत होतो हे कागदाने सिद्ध करावे लागते. पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेला गिरणीचा पास वा भविष्यनिर्वाह निधीची पावती म्हणूनच केवळ आठवणीची वस्तू राहत नाही. ती त्याच्या पूर्वायुष्याची साक्ष असते. परंतु खोलीतील पंगत, रात्रपाळीनंतरचा चहा आणि पाळी संपल्याची ती हाक यांची साक्ष कोणत्याही कागदावर नाही. ती केवळ बोलण्यात आहे, आणि बोलणारी पिढी आता वार्धक्यात आहे.

गारगोटी येथे १९५२ मध्ये मौनी विद्यापीठाची स्थापना झाली तेव्हा डॉ. जे. पी. नाईक यांच्यासमोर ग्रामीण जीवनाशी जोडलेल्या शिक्षणाचे ध्येय होते. परतलेल्या कामगारांचे आणि त्यांच्या घरातील स्त्रियांचे कथन त्यांच्याच बोलीत, शब्दांना धक्का न लावता, नोंदवून ठेवणे हे त्या ध्येयाशी सुसंगत असे काम आहे. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी ते हाती घेऊ शकतात. अनेकांच्या बाबतीत त्यांना फार दूर जावे लागणार नाही. ते आजोबा-आजी त्यांच्या स्वतःच्या घराच्या सोप्यातच बसलेले असतील.