प्राथमिक निवडणूक आणि उमेदवारांचे बलाबल

निवडणूक कोण जिंकेल याचा अंदाज बांधणे आणि पक्षाची उमेदवारी कोणाला मिळेल याचा अंदाज बांधणे, या दोन भिन्न गोष्टी होत. पहिल्या अंदाजाला पक्षाचे नाव, चिन्ह आणि मागील निवडणुकांतील मतांचे आकडे यांचा आधार असतो. दुसऱ्या अंदाजात हा आधार जवळजवळ नाहीसा होतो. कारण सर्वच इच्छुक एका पक्षाचे व एका झेंड्याखालचे असतात. मग त्यांच्यातील तारतम्य कशावरून ठरवावे? अमेरिकेत हा प्रश्न प्रत्येक निवडणुकीपूर्वी विचारला जातो. भारतात तो क्वचितच उघडपणे उपस्थित झाला. यशवंतपूर विधानसभा मतदारसंघ ज्या बंगळूर उत्तर लोकसभा मतदारसंघात मोडतो, तेथे तो 2014 साली उपस्थित झाला होता. म्हणूनच या विषयाच्या अभ्यासासाठी ते उदाहरण विशेष उपयुक्त आहे.

अमेरिकेतील पद्धती

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील उमेदवार प्रामुख्याने पक्षांच्या अधिवेशनांत ठरत. या अधिवेशनांवर मूठभर पुढाऱ्यांचा ताबा असे. त्याविरुद्ध जी सुधारणावादी चळवळ उभी राहिली, तिचे एक प्रमुख नेते विस्कॉन्सिन राज्याचे गव्हर्नर रॉबर्ट ला फॉलेट हे होत. त्यांच्या कारकिर्दीत 1903 साली प्रत्यक्ष प्राथमिक निवडणुकीचा कायदा झाला आणि 1904 साली मतदारांनी त्यास कौल दिला. उमेदवार निवडण्याचा अधिकार पुढाऱ्यांकडून मतदारांकडे गेला. पुढे ही पद्धती अन्य राज्यांतही रूढ झाली. राज्य विधिमंडळाचे आणि काँग्रेस या राष्ट्रीय विधिमंडळाचे उमेदवार आज बहुतेक ठिकाणी याच मार्गाने निवडले जातात.

नियम मात्र सर्वत्र सारखे नाहीत. काही राज्यांत त्या पक्षाचे म्हणून नोंदलेले मतदारच मत देऊ शकतात; काही राज्यांत कोणताही मतदार मत देऊ शकतो. काही दक्षिणी राज्यांत पहिल्या फेरीत कोणालाही निम्म्याहून अधिक मते न मिळाल्यास पहिल्या दोघांत पुन्हा लढत होते. जो या नियमांकडे दुर्लक्ष करील, त्याचा अंदाज पहिल्याच पायरीवर घसरेल.

बलाबल मोजण्याच्या कसोट्या

पहिली कसोटी म्हणजे मत कोण देणार, ही होय. प्राथमिक निवडणुकीतील मतदार थोडे असतात व ते सर्वसाधारण जनतेचा नमुना नसतात. पक्षाशी निष्ठा असलेले, आग्रही मतांचे लोकच बहुधा मतदानास येतात. सर्व जनतेत लोकप्रिय असलेला मनुष्य या लहान वर्तुळात अप्रिय असू शकतो, आणि याच्या उलटही घडते.

दुसरी कसोटी मतविभागणीची. एकाच प्रदेशाच्या किंवा एकाच समाजाच्या पाठिंब्यावर दोन इच्छुक उभे राहिले, तर दोघांहून दुर्बळ असलेला तिसरा पुढे निघून जातो. तिसरी कसोटी संघटनेची व पैशाची. मतदार थोडे असले म्हणजे त्यांना घरातून मतदान केंद्रापर्यंत आणणाऱ्या कार्यकर्त्याचे मोल वाढते. चौथी कसोटी नावाची ओळख व प्रतिष्ठितांचा पाठिंबा ही असून, तिला वाजवीपेक्षा अधिक महत्त्व देण्याची चूक वारंवार होते.

या चुकीचे प्रसिद्ध उदाहरण 2014 सालचेच आहे. अमेरिकन प्रतिनिधिगृहातील बहुमतवाल्या पक्षाचे नेते एरिक कँटर हे व्हर्जिनिया राज्यातील आपल्या मतदारसंघात प्राथमिक निवडणुकीस उभे होते. त्यांच्याच बाजूने केलेल्या चाचणीत त्यांना 34 टक्क्यांची आघाडी दिसत होती. 10 जून रोजी अर्थशास्त्राचे एक प्राध्यापक, डेव्हिड ब्रॅट, यांनी त्यांचा पराभव केला. कँटर यांच्याकडे पैसा, पद व नाव हे तिन्ही होते. प्रत्यक्ष मतदानास कोण येणार, हे मात्र चाचणी करणाऱ्यांना नीट ओळखता आले नव्हते.

बंगळूर उत्तरचा प्रयोग

भारतात पक्षाची उमेदवारी देण्याचा अधिकार पक्षश्रेष्ठींचा मानला जातो. त्याचे दृश्य रूप म्हणजे ‘एबी फॉर्म’. पक्षाने अधिकार दिलेल्या व्यक्तीच्या सहीचा हा कागद ज्याच्या हाती, तो अधिकृत उमेदवार. पक्षांतर्गत मतदान घ्यावे अशी सक्ती कोणताही कायदा करीत नाही.

या परंपरेला छेद देण्याचा प्रयत्न काँग्रेस पक्षाने 2014 च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी राहुल गांधी यांच्या पुढाकाराने केला. देशातील पंधरा-सोळा मतदारसंघांत पक्षांतर्गत मतदानाने उमेदवार निवडावयाचे ठरले. कर्नाटकातील बंगळूर उत्तर व दक्षिण कन्नड, तसेच महाराष्ट्रातील लातूर व वर्धा यांचा त्यात समावेश होता. मतदार मात्र सामान्य नागरिक नव्हते. पक्षाचे विविध स्तरांवरील पदाधिकारी व स्थानिक संस्थांतील प्रतिनिधी यांचा तो मर्यादित मतदारवर्ग होता.

अशा रचनेत पहिल्या कसोटीचे उत्तर जवळजवळ यादीतच लिहिलेले असते. ज्याने पदाधिकारी घडविले, ज्याचा तालुक्या-तालुक्यांत वावर आहे, त्याचे पारडे जड. बंगळूर उत्तरमध्ये स्थानिक राजकारणात मुरलेले सी. नारायणस्वामी निवडून आले. दक्षिण कन्नडमध्ये ज्येष्ठ नेते जनार्दन पुजारी यांनी केंद्रीय मंत्री वीरप्पा मोइली यांचे पुत्र हर्ष मोइली यांना हरविले. वर्ध्यात मात्र दोन राजकीय घराण्यांतच सामना झाला. दत्ता मेघे यांचे पुत्र सागर मेघे यांनी प्रभा राव यांच्या कन्या चारुलता टोकस यांच्यावर मात केली. घराणेशाहीला आळा बसावा ही या प्रयोगामागची एक अपेक्षा होती; ती सर्वत्र पुरी झाली नाही.

सार्वत्रिक निवडणुकीत हे तिघेही पराभूत झाले. बंगळूर उत्तरमध्ये भारतीय जनता पक्षाचे डी. व्ही. सदानंद गौडा 2 लाख 29 हजारांहून अधिक मतांनी विजयी झाले. तथापि, या पराभवाचा दोष पद्धतीच्या माथी मारणे योग्य ठरणार नाही. त्या वर्षी काँग्रेसला देशभरात 44 च जागा मिळाल्या. पुढे 2019 व 2024 मध्ये बंगळूर उत्तरचा उमेदवार नेहमीच्या पद्धतीने ठरविण्यात आला, तेव्हाही त्या पक्षाचा पराभवच झाला. वडोदऱ्याचा अनुभव अधिक बोलका आहे. तेथे पक्षांतर्गत मतदानात निवडून आलेले नरेंद्र रावत यांनी, नरेंद्र मोदी यांची उमेदवारी जाहीर झाल्यावर, मधुसूदन मिस्त्री यांच्यासाठी जागा सोडली. मतपेटीचा कौल आणि एबी फॉर्म यांत अखेरचा शब्द कोणाचा, हे त्यावरून स्पष्ट झाले.

यशवंतपूरचे दोन हिशेब

उमेदवाराचे स्वतःचे बळ किती व पक्षाचे किती, हे वेगळे करून पाहण्याची संधी क्वचित मिळते. यशवंतपूर विधानसभा मतदारसंघाने ती दिली आहे. 2008 साली येथे भारतीय जनता पक्षाच्या शोभा करंदलाजे यांनी काँग्रेसचे एस. टी. सोमशेखर यांचा सुमारे एक हजार मतांनी पराभव केला. 2013 व 2018 मध्ये सोमशेखर काँग्रेसतर्फे विजयी झाले. 2019 च्या जुलैमध्ये त्यांच्यासह अनेक आमदार अपात्र ठरविले गेले. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबरमध्ये ती अपात्रता मान्य केली, परंतु पोटनिवडणूक लढविण्याची मुभा दिली. डिसेंबरमध्ये तेच सोमशेखर भारतीय जनता पक्षाचे उमेदवार म्हणून 27 हजारांहून अधिक मतांनी जिंकले. काँग्रेसचा नवा उमेदवार फार मागे राहिला. 2023 मध्येही त्यांनी 15 हजारांहून अधिक मतांनी जागा राखली. 2013 पासून 2023 पर्यंतच्या चारही लढतींत त्यांचे मुख्य प्रतिस्पर्धी जनता दल (धर्मनिरपेक्ष) पक्षाचे टी. एन. जवरायी गौडा हेच होते. पुढे 2025 च्या मे महिन्यात भारतीय जनता पक्षाने सोमशेखर यांना पक्षातून काढून टाकले.

या आकड्यांचा अर्थ सावधपणे लावला पाहिजे. पोटनिवडणुकीत सत्तारूढ पक्षाला मिळणारा लाभही त्यात मिसळलेला असतो. तरीही एवढे निश्चित म्हणता येते की, येथे मतदारांचा एक मोठा गट चिन्हाकडे न पाहता माणसाकडे पाहत होता. केवळ पक्षाच्या मागील मतांवरून 2019 चा अंदाज ज्याने बांधला असेल, तो साफ चुकला असणार.

तात्पर्य, उमेदवाराचे दोन हिशेब स्वतंत्रपणे मांडावे लागतात. पक्षाच्या अंगणातील बळ हा एक आणि सर्व मतदारांपुढील बळ हा दुसरा. बंगळूर उत्तरमध्ये पहिला जमला, दुसरा जमला नाही. यशवंतपूरमध्ये दुसरा इतका भक्कम होता की पक्ष बदलूनही तो टिकला. मतदानाच्या दिवशी नागरिकाच्या हाती फक्त दुसरा हिशेब येतो. पहिला त्याच्या अनुपस्थितीत पुरा झालेला असतो. उमेदवारी देणाऱ्यांची यादी जितकी लहान, तितकी नागरिकाची निवडही लहान. म्हणून कोणत्याही पक्षात इच्छुकांची नावे पुढे येऊ लागली की, कोण जिंकेल याच्या आधी, कोण निवडणार हे विचारावे. बलाबलाचा विचार तेथूनच सुरू होतो.