पाण्याने आणलेले धन कोणाचे?



भिवंडी तालुक्यातील एका गावच्या भजनी मंडळींचे पत्र आमच्याकडे आले आहे. नावगाव आम्ही मुद्दाम देत नाही, कारण प्रश्न त्या एका गावापुरता नाही. नदीकाठी, खाडीकाठी, समुद्राकाठी राहणाऱ्या प्रत्येक माळकऱ्यापुढे तो केव्हा ना केव्हा येणारच.

पत्रातील हकीकत अशी. पावसाळ्यात कामवारीला पूर आला. खाडीला त्याच वेळी भरती, त्यामुळे पाणी तुंबले आणि काठावरच्या वखारींत व मागांच्या शेडमध्ये शिरले. पूर ओसरल्यावर गावाबाहेरच्या बांधाला कोऱ्या कापडाचे चौदा तागे अडकलेले मिळाले. मंडळींनी ते काढले, चिखल धुतला, वाळवले. नामसप्ताह तोंडावर आला होता आणि मंडपाचे छत फाटलेले होते. सर्वांच्या मनात एकच आले, की पांडुरंगानेच सोय केली! पण पहिल्या पहाऱ्याचे जे वृद्ध विणेकरी, ते म्हणाले, “ज्या छताचा धनी कोण ते ठाऊक नाही, त्या छताखाली मी वीणा घेऊन उभा राहणार नाही.” झाले, मंडळात दोन तट पडले. आता मंडळी विचारतात, खरे कोणाचे?

आमचे उत्तर आधीच सांगून टाकतो. खरे विणेकरीबुवांचे. का, ते आता क्रमाने पाहू.

पहिली गोष्ट अशी की पाणी वस्तूची जागा बदलते, तिचा धनी बदलत नाही. वाऱ्याने शेजारणीचे लुगडे आपल्या अंगणात आले म्हणून ते आपल्या घरचे होते का? आपण हाक मारून देऊनच टाकतो. मग तोच न्याय नदीला का नसावा? “गंगेने दिले” असे आपण म्हणतो, परंतु गंगेजवळ स्वतःचे कापड कोठून असणार? तिने एकाकडून नेले आणि दुसऱ्याच्या दारात टाकले, एवढेच.

आपल्या संप्रदायात तर नदीची साक्षच आहे. तुकोबारायांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडविल्या गेल्या आणि तेरा दिवसांनी त्या कोरड्या वर आल्या, ही कथा आपण देहूच्या शिळेपाशी उभे राहून ऐकतो. चमत्कार म्हणून ऐकतो आणि नमस्कार करतो. पण त्यात आणखीही एक धडा आहे. डोहाने ठेव ठेवून घेतली नाही, ज्याची होती त्याला परत केली. जे इंद्रायणीने केले तेच आपण करावे, यापलीकडे आमचे सांगणे नाही.

दुसरा दाखला पंढरपूरच्या रांका कुंभाराचा. वैराग्याची परीक्षा म्हणून देवाने वाटेवर सोने टाकले. पुढे चाललेल्या रांकाने ते पाहिले, आणि मागून येणाऱ्या बायकोच्या मनात लोभ नको म्हणून वर माती लोटली. बांकेने पाहिले आणि म्हणाली, मातीवर माती कशाला टाकता? ही गोष्ट कीर्तनात नेहमी रंगते. त्याच कथेतील दुसरा भाग मात्र घाईत सुटून जातो. रानात सरपण वेचताना दोन काटक्या एके ठिकाणी जुळवलेल्या दिसल्या, तर हे जोडपे त्यांना हात लावीत नसे, असे सांगतात. कोणीतरी आपल्यासाठी वेचून ठेवल्या असतील म्हणून. सोन्याचे वैराग्य फार थोरांचे. पण दोन काटक्यांचा विवेक तुम्हाआम्हांला जमण्यासारखा आहे. घडी घातलेला, शिक्का मारलेला तागा हा तर दोन काटक्यांहून किती स्पष्ट! तो कोणी तरी विणला, कोणी तरी बांधला.

आता राजधर्म काय म्हणतो ते पाहू. मनुस्मृतीत सांगितले आहे की धनी ठाऊक नसलेले द्रव्य राजाने तीन वर्षे ठेव म्हणून राखावे, आणि मागणाऱ्याने त्याचे रूप, संख्या बरोबर सांगितली तर त्याला द्यावे. याज्ञवल्क्याने ही मुदत एक वर्षाची धरली. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नावाध्यक्ष म्हणजे बंदराचा अधिकारी येतो. वाऱ्याने भरकटलेल्या जहाजावर त्याने बापासारखी माया करावी आणि पाण्याने भिजलेल्या मालावर जकात माफ करावी किंवा निम्मी घ्यावी, असे तेथे सांगितले आहे. संकटात सापडलेल्याला लुटू नये, उलट त्याचा भार हलका करावा, हा त्यातला भाव.

व्यवहारात सर्व राजे असे वागले असे मात्र नाही. जहाज फुटले की किनाऱ्यावरचा राजा माल जप्त करी, ही रूढी पुष्कळ ठिकाणी होती. आंध्र किनाऱ्यावर मोटुपल्ली नावाचे जुने बंदर आहे. तेथे काकतीय राजा गणपतिदेव याचा सुमारे १२४४ सालचा शिलालेख आहे. वादळाने किनाऱ्याला लागलेल्या जहाजांचे सर्वस्व पूर्वीचे राजे हिरावून घेत, आम्ही दयाबुद्धीने ठरलेल्या जकातीखेरीज काहीही घेणार नाही, असे त्याने दगडावर कोरून ठेवले. जिवावर उदार होऊन समुद्रात शिरणाऱ्या व्यापाऱ्याला एवढा धीर त्याला द्यावासा वाटला.

आपल्या कोकणातही हा प्रश्न निघाला होता. १६५७ साली कल्याण-भिवंडी शिवाजीमहाराजांच्या ताब्यात आली आणि याच खाडीत स्वराज्याच्या आरमाराची जहाजे बांधली जाऊ लागली. पुढे १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झेंडन हा इंग्रजांचा वकील रायगडावर आला. त्याच्या मागण्यांत एक कलम असे होते की आमचे जहाज फुटून किनाऱ्याला लागले तर माल आम्हांस परत मिळावा. महाराजांनी पहिल्याने याला हरकत घेतली. खलाशांना सर्व प्रकारे मदत करू, पण फुटलेल्या जहाजाचा माल सरकारचा, हा कोकणचा फार जुना रिवाज आहे. तुम्हांला सवलत दिली तर फ्रेंच, डच हेही मागतील, असे त्यांचे म्हणणे होते. परकीय व्यापाऱ्यांपुढे राज्याचा हक्क सोडायचा की नाही, हा तो प्रश्न होता. यातून आपण दोन गोष्टी घ्याव्या. माणूस वाचविणे हे वादाच्या बाहेर होते. आणि माल धन्याचा की सरकारचा, एवढाच वाद होता. ज्याच्या हाती लागला त्याचा, असे कोणत्याच बाजूने कोणी म्हटले नाही.

आजचा कायदा तर अगदी स्पष्ट आहे. समुद्रावरून वाहत आलेल्या जहाजी मालाविषयी १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्याने असे ठरविले की सापडणाराने तो सरकारने नेमलेल्या रिसीव्हरकडे लवकरात लवकर पोचवावा. धन्याला आपला हक्क सांगण्यास एक वर्ष मुदत. म्हणजे याज्ञवल्क्याचीच मुदत, पाहा! या कायद्यात किनारा म्हणजे नुसता समुद्रकाठ नव्हे. खाड्यांचे आणि भरती-ओहोटीच्या नद्यांचे काठही त्यात धरले आहेत. २०२५ साली संसदेने या विषयाचा नवा कायदा मंजूर केला, त्यातही फुटलेल्या जहाजांच्या मालाचे प्रकरण आहेच.

आणि माल जहाजावरचा नसून वखारीतला असेल तर? तेव्हा भारतीय न्याय संहिता लागते. १ जुलै २०२४ पासून ती अमलात आहे. तिच्या ३१४ व्या कलमात म्हटले आहे की धन्याला परत देण्यासाठी वस्तू उचलून जपून ठेवणे हा गुन्हा नाही. परंतु धनी ठाऊक असताना, किंवा त्याचा शोध लागण्याजोगा असताना, किंवा शोधाचा रास्त प्रयत्न करण्यापूर्वीच ती आपल्या कामाला लावणे हा अपहार होय. शिक्षा सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. ताग्याच्या टोकाला बहुधा मार्क किंवा नंबर असतो. भिवंडीसारख्या गावात त्यावरून धनी शोधणे काही अवघड नाही. म्हणजे “आम्हांला ठाऊक नव्हते” ही सबब येथे चालायची नाही.

आता मंडळींनी पत्रात ज्या चार शंका घातल्या आहेत, त्यांचे समाधान करतो.

पहिली शंका : “सगळ्या गावाने नेले, मग आम्हीच का परत द्यावे?” अहो, गळ्यात माळ घातली ती सगळे करतात तेच करण्यासाठी का? परदेशातही असेच होते. २००७ साली इंग्लंडच्या ब्रॅन्सकोंब गावच्या किनाऱ्यावर एमएससी नेपोली या जहाजाचे कंटेनर लागले, तेव्हा लांबलांबून लोक आले आणि मोटारसायकलीसुद्धा ढकलीत घेऊन गेले. तेथील कायद्याप्रमाणे अशा वस्तूची वर्दी २८ दिवसांत द्यावी लागते. गर्दी केली म्हणून चोरीचे पुण्य होत नाही, ना तिकडे ना इकडे.

दुसरी शंका : “मालक श्रीमंत आहे, त्याचा विमा असेल.” असेलही. पण विमा कंपनीने पैसे भरले तर त्या मालावर तिचा हक्क पोचतो, तुमचा नव्हे. शिवाय भिवंडीचा धंदा आपण डोळ्यांनी पाहतो. पुष्कळ ठिकाणी सूत व्यापाऱ्याचे असते. चारसहा माग असलेला माणूस ते मजुरीवर विणून देतो. कापड वाहून गेले की व्यापारी त्याच्या मजुरीतून सुताची किंमत वळती करून घेतो. मागवाल्याच्या घरात कोणता विमा? त्या चौदा ताग्यांच्या मागे कदाचित एखाद्या पोराची शाळेची फी असेल, एखाद्या म्हातारीचे औषध असेल. श्रीमंत समजून आपण ज्याला बुडवतो, तो पुष्कळदा आपल्यासारखाच निघतो.

तिसरी शंका : “आम्ही कष्ट घेतले, धुतले, वाळवले.” हे मात्र रास्त आहे, आणि कायदाही तसेच मानतो. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे सापडलेली वस्तू जवळ ठेवणाऱ्यावर दुसऱ्याची ठेव सांभाळण्याची जबाबदारी येते. त्याबरोबरच ती जपण्यासाठी आणि धनी शोधण्यासाठी घेतलेल्या कष्टाचा व खर्चाचा मोबदला मिळेपर्यंत ती अडवून ठेवण्याचा त्याला अधिकारही आहे. समुद्रातून माल वाचविणाऱ्यालाही वाजवी मेहनताना मिळतो. तेव्हा खर्च उघडपणे मागा, त्यात लाज कसली? पण मेहनताना निराळा आणि माल निराळा.

चौथी शंका सर्वांत नाजूक : “आम्ही घरी थोडेच नेले? देवाच्या कामाला लावतो आहोत.” मंडळींचा भाव चांगला आहे हे आम्ही जाणतो. परंतु जी वस्तू आपली नाही ती देवाला कशी देणार? देणाऱ्याने आपले द्यावे, तेव्हा त्याला दान म्हणतात. तुकोबांनी कर्जखतांतला आपल्या वाट्याचा हिस्सा इंद्रायणीत सोडला, असे त्यांच्या चरित्रात येते. भावाच्या वाट्याची खते त्यांनी भावाला देऊन टाकली. त्यागसुद्धा त्यांनी आपल्याच वाट्याचा केला, दुसऱ्याच्या वाट्याचा नाही. विणेकरीबुवांना जे सुचले ते यातूनच आलेले आहे, हेका म्हणून नव्हे. त्यांना दुखवू नका.

आणखी एक सावधगिरीची गोष्ट. वाहून आलेल्या मालात काय असते हे वरून कळत नाही. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबई बंदराबाहेर एमएससी चित्रा आणि खलीजिया या जहाजांची टक्कर झाली. तेव्हा समुद्रात पडलेल्या कंटेनरांमुळे जी धास्ती पसरली, तिचे एक कारण जहाजावरील कीटकनाशके हे होते. २५ मे २०२५ रोजी केरळजवळ एमएससी एल्सा ३ हे जहाज सुमारे ६४० कंटेनरांसह बुडाले. काही कंटेनरांत कॅल्शियम कार्बाइड होते, म्हणजे पाणी लागताच पेट घेणारा वायू सोडणारा पदार्थ. किनाऱ्याला लागलेल्या पेट्यांपासून दोनशे मीटर दूर राहा, हात लावू नका, असे सरकारला बजावावे लागले. आमच्या तालुक्यातील वखारींतही रसायने असतात. म्हणून पिंप, डबा, बंद पेटी दिसली तर पोरांना जवळ जाऊ देऊ नका आणि आधी पोलिसांना कळवा. वाहून आलेले खाण्याचे जिन्नस तर प्रसादाला चुकूनही वापरू नयेत. प्रसादाने कोणाचा जीव धोक्यात यावा का?

तेव्हा मंडळींनी पुढीलप्रमाणे करावे असे आम्ही सुचवितो. तागे मोजून चार माणसांदेखत यादी करावी. मार्क व नंबर टिपून घ्यावे. पोलीस ठाण्यात लेखी वर्दी देऊन तिची पोच घ्यावी आणि तलाठ्याच्याही कानी घालावे. मागांच्या वस्तीत दवंडीप्रमाणे सांगावे. मात्र रंग, संख्या, मार्क सांगू नये. ते धन्याने सांगावे, म्हणजे खोटा धनी पुढे यायचा नाही. मनूने घालून दिलेली खूण आजही उपयोगाची आहे. धनी मिळाला की धुण्याचा व वाहतुकीचा खर्च मागावा, अथवा सोडून द्यावा. त्याने आपण होऊन एखादा तागा सप्ताहाला दिला तर तो डोक्यावर घ्यावा. मग ते खरे दान. धनी नाहीच मिळाला तर पुढचा निर्णय सरकारी रीतीने होऊ द्यावा. आपण परस्पर करू नये.

वारीतही हाच नियम पाळावा. वाळवंटात, दिंडीच्या तळावर, फडावर एखादी वस्तू सापडली तर ती विणेकऱ्याकडे किंवा चोपदाराकडे द्यावी. त्यांनी हाक द्यावी. पिशवी हरवलेल्या म्हाताऱ्या माउलीच्या तोंडावर ती परत मिळाल्यावर जो आनंद दिसतो, तो पाहिलेल्याला अधिक सांगायला नको.

सप्ताहाच्या मंडपाचे काय, असे विचाराल. आमची सूचना अशी की यंदा फाटक्या छताला ठिगळ लावावे. पहिल्या पहाऱ्याला विणेकरीबुवांनाच उभे करावे आणि ज्यांनी त्यांना विरोध केला त्यांनी टाळ घेऊन त्यांच्या शेजारी उभे राहावे. छतातून चार थेंब आले तरी नामाला बाध येत नाही.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल!