‘सिट’ म्हणताना

चि. बाळास,


श्वान पथकात तुझी नेमणूक झाल्याचं ताईनं फोनवर सांगितलं आणि लगोलग व्हिडिओही पाठवला. मैदान, लॅब्राडॉरचं पिल्लू आणि तू. दोनदा बघितला, तिसऱ्यांदा मोबाइल पालथा ठेवून नुसता ऐकला. चाळीस सेकंदांत तू अकरा वेळा ‘सिट’ म्हणालास. पहिलं विनवणीचं, चौथं कंटाळ्याचं, नववं शिवीच्या काठावरचं. पिल्लू बसलं ते अकराव्याला. म्हणजे त्या दिवशी ते एवढंच शिकलं, की पहिली दहा ऐकायची नसतात.

एकदाच म्हण आणि गप्प राहा. बसलं तर लगेच शाबासकी, नाही बसलं तर हातानं बसव. पण शब्द पुन्हा खर्चू नकोस. आणि ओरडायचं कशाला? तुझ्या खिशातल्या बिस्किटाचा कागद वाजला तरी त्याला पलीकडच्या खोलीतून ऐकू येतं.

तुझे आजोबा औत थांबवताना ‘होऽऽऽ’ असा सूर लांबवत खाली आणायचे, आणि बैल हाकताना जिभेनं टक् टक् करायचे. कुत्र्याला बोलवायचं तर आपण ‘यू यू यू’ करतो. यातलं कुणी कुणाला शिकवलेलं नसतं. पॅट्रिशिया मॅक्कॉनेल नावाच्या अमेरिकी बाईंनी निरनिराळ्या भाषांतले कुत्री-घोडी राबवणारे लोक ध्वनिमुद्रित केले, तर सगळीकडं हाच प्रकार निघाला. तुटक, पुन्हा पुन्हा येणारे स्वर जनावराला हलवतात. एकच लांबवलेला स्वर त्याला सावकाश करतो, थांबवतो. आता तुझं ‘स्टे’ ऐक. शेवटी आवाज वर जातो, परवानगी मागितल्यासारखा. मग ते उठणार नाही तर काय करणार?

शाबासकीचं तर पोलिसाला अवघडच. बरोबरीचे जवान बघत असताना लाडिक आवाज काढायची लाज वाटते. मलाही वाटायची, म्हणून मी हजेरी घेतल्यासारखं ‘शाब्बास’ म्हणायचो आणि पथकातली माझी कुत्री लुसी ढिम्म राहायची. बुडापेस्टच्या संशोधकांनी १३ कुत्र्यांना एमआरआय यंत्रात न हलता पडून राहायला शिकवलं आणि २०१६ साली निष्कर्ष छापले. कौतुकाचा शब्द कौतुकाच्या सुरात आला, तरच मेंदूतला बक्षिसाचा भाग जागा होत होता. कोरड्या सुरातल्या कौतुकानं नाही, आणि लाडिक सुरातल्या भलत्याच शब्दानंही नाही. तेव्हा लाज सोड.

आता एक गोष्ट, जी मी तुझ्या मामीलाही धड सांगितलेली नाही. गणपतीचे दिवस होते. एका एसटी स्टँडवर तपासणी चालली होती. लुसी बाकांखालून हुंगत निघाली होती. पुढच्या एका बाकाखाली नायलॉनची बेवारस पिशवी होती, तोंड सुतळीनं आवळलेलं. मला ती लांबूनच दिसली. आम्ही जवळ येत गेलो तसं माझं ‘सर्च, सर्च’ हळू झालं, खाली उतरलं, पट्ट्यावरचा हात आखडला. लुसीनं पिशवी हुंगली, मान वळवून माझ्याकडं बघितलं, आणि बसली. स्फोटकं शोधणारं आमचं कुत्रं भुंकत नाही, बसतं. तोच त्याचा इशारा. स्टँड रिकामं केलं, बॉम्बशोधक पथकानं पिशवी उघडली. आत जुन्या लुगड्यात गुंडाळलेले गौरीचे दोन पितळी मुखवटे! मालकीण म्हातारी चहाला गेली होती. तिनं मला जे ऐकवलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

नोंद झाली ‘श्वानाचा चुकीचा इशारा’ अशी, आणि मी गप्प बसलो. लुसी चुकली नव्हती. बसण्याआधी तिनं मला विचारलं होतं, आणि माझ्या गळ्यानं तिला हो म्हटलं होतं. पुढं वाचनात आलं, की कॅलिफोर्नियात २०११ साली कुत्रा आणि त्याला हाताळणारा हस्तक अशा १८ जोड्यांवर प्रयोग झाला होता. हस्तकांना सांगितलं होतं, लाल कागद दिसेल तिथं वास ठेवलाय. प्रत्यक्षात वास कुठंच नव्हता. तरी इशारे भरभरून आले, आणि लाल कागदाशी जास्त. ते वाचलं त्या रात्री मला म्हातारीचे मुखवटे आठवले.

म्हणून शोधाच्या वेळी रिकाम्या बाकापाशी जो सूर, तोच संशयाच्या पिशवीपाशी. याचा सराव घरीच कर. मिठाच्या डब्यापाशी आणि उघड्या विजेच्या तारेपाशी ‘सर्च’ एकसारखं म्हणता येतं का बघ. जोडीदार हस्तकालाही तेच शब्द, तोच सूर घ्यायला लाव. पट्टा दोघांच्या हाती येणार, आणि त्याचं ‘डाऊन’ म्हणजे तुझं ‘सिट’ असं झालं, तर पिल्लाचे हाल. आणि चिडलास तर त्या दिवशी मैदानावर जाऊच नकोस. अंघोळ घाल, ब्रश कर, पिंजरा धू. त्या कामांना आवाज लागत नाही.

पिल्लाचं नाव अजून ठरलं नाही म्हणे. साहेब विचारतील तर दोन अक्षरी, खणखणीत सुचव. ‘स्टेला’ मात्र नको. आमच्या पथकात एक होती. हाक मारली की ती जागीच थांबायची.

तुझा,
मामा