पहिल्या कंट्रोलच्या आधी

मार्गआखणीच्या सॉफ्टवेअरमध्ये नवी स्पर्धा उघडताना सुरुवातीलाच जे चार-पाच प्रश्न विचारले जातात, त्यांची उत्तरे घाईने देऊन पुढे सरकणाऱ्या आखणीकाराला त्या घाईची किंमत बहुधा धावपटू मैदानात निघून गेल्यावर कळते. ओरिएंटियरिंग म्हणजे नकाशा आणि होकायंत्राच्या आधारे ठरावीक ठिकाणे, अर्थात कंट्रोल, क्रमाने शोधत धावण्याचा खेळ. त्यात धावपटूचा सारा भरवसा हातातील कागदावर असतो, म्हणून त्या कागदाचे माप चुकवणारी सेटिंग ही किरकोळ तांत्रिक बाब मानता येत नाही.

उदाहरण म्हणून पुणे-अहिल्यानगर महामार्गावरील वाघोली घेऊ; ती २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली. दगडखाणी, जुने गावठाण आणि झपाट्याने उभी राहणारी गृहसंकुले तेथे एकमेकांना लागून आहेत. अशा ठिकाणचा मार्ग ‘पर्पल पेन’ या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये आखायचा झाला आणि हाती ओकॅड या नकाशे काढण्याच्या सॉफ्टवेअरची तयार फाइल असली, तर नकाशाचे प्रमाण त्या फाइलमधूनच घेतले जाते. स्कॅन केलेले चित्र वापरले, तर मात्र प्रमाण आणि डीपीआय, म्हणजे एका इंचात बसणाऱ्या चित्रबिंदूंची संख्या, या दोन्ही गोष्टी आखणीकाराला स्वतः भराव्या लागतात. ३०० डीपीआयवर स्कॅन केलेल्या चित्रापुढे २०० हा आकडा पडला, की सॉफ्टवेअर नकाशा दीडपट मोठा समजते आणि २ किलोमीटरचा मार्ग ३ किलोमीटरचा म्हणून सांगते. पडद्यावर मात्र सारे सुरळीत दिसत असल्याने ही चूक कोणाच्याही नजरेला येत नाही, आणि हाच तिचा खरा धोका आहे.

छपाईच्या वेळी हाच घोटाळा दुसऱ्या वाटेने शिरतो. १:४,००० या प्रमाणात १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ४० मीटर. पण प्रिंटरचा ‘पानात बसवा’ हा पर्याय चालू राहून प्रत ९४ टक्के झाली, तर ४०० मीटरचे अंतर कागदावर ९.४ सेंटिमीटर भरते आणि पावले मोजत जाणारा धावपटू ते ३७६ मीटर धरतो. यासाठी प्रत्यक्ष मोजलेल्या एखाद्या सरळ रस्त्याची लांबी पहिल्या छापील प्रतीवर पट्टीने तपासावी आणि मगच बाकीच्या प्रती काढाव्यात.

कंट्रोलचे सांकेतिक क्रमांक ३१ पासून सुरू करण्याचा प्रघात आहे. इंग्रजी अंकांतला ६८ उलटा धरला की ८९ वाचला जातो, म्हणून असे क्रमांक वगळण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये असते आणि ती चालूच ठेवावी. नकाशाचे मानक, म्हणजे चिन्हांची मापे ठरवणारी नियमावलीही आरंभीच निवडलेली बरी, कारण जंगलासाठीच्या २०१७ च्या मानकात १:१५,००० प्रमाणावर कंट्रोल दाखवणारे वर्तुळ ५ मिलिमीटरचे असते, तर शहरी धावेसाठीच्या २०१९ च्या मानकात ते ६ मिलिमीटरचे असते.

सर्वांत जपायचे ते जांभळ्या रंगाला. मार्ग या रंगात छापला जातो आणि तो खालच्या नकाशात मिसळू देणारी सेटिंग बंद राहिली, तर वर्तुळाची जाड रेघ खाणीच्या कड्याची काळी रेघ झाकून टाकते. वाघोलीसारख्या ठिकाणी ही उणीव अंतराच्या चुकीपेक्षाही घातक ठरू शकते. शिवाय सॉफ्टवेअर दोन कंट्रोल सरळ रेषेने जोडते, ती रेषा खाणीवरून गेली तरी त्याला हरकत नसते. आखणीकाराने प्रवेश निषिद्ध असलेला भाग तिरप्या जांभळ्या रेघांनी भरावा आणि रेषेला वळणबिंदू देऊन ती खाणीच्या कडेने फिरवावी, म्हणजे मार्गाच्या लांबीत तो वळसाही धरला जातो.