बेल इन् : राजमार्गावरील एक जुनी सराई

इंग्रजी धड्यांत ‘इन्’ हा शब्द भेटला म्हणजे आपण त्याच्यावर पेन्सिलीनें ‘धर्मशाळा’ किंवा ‘खानावळ’ असें लिहून पुढें सरकतों. परंतु हे दोन्ही अर्थ लंगडे आहेत. धर्मशाळेंत आसरा मिळतो, पण चूल आपली आपणच मांडावी लागते. खानावळींत पान वाढून मिळतें, पण रात्रीं पाठ टेकावयास जागा मिळत नाहीं. जुन्या काळच्या इंग्रजी इन्‌मध्यें प्रवाशाला पैसे मोजून अन्न, बिछाना व शेकोटी मिळे, आणि मुख्य म्हणजे पुढच्या मजलेसाठीं ताजे घोडे मिळत. घोडे हा यांतील महत्त्वाचा शब्द होय. तो विसरला तर ही संस्था कां भरभराटीस आली आणि कां बसली, याचा उलगडा होत नाहीं. म्हणून अशा एका सराईची हकीकत येथें देत आहें.

लंडनहून उत्तरेस एडिंबरोकडे जाणाऱ्या जुन्या हमरस्त्यास ‘ग्रेट नॉर्थ रोड’ असें म्हणत. त्या रस्त्यावर लंडनपासून सत्तर-पंच्याहत्तर मैलांवर, पीटरबरो शहराच्या दक्षिणेस, स्टिल्टन नांवाचें लहानसें गांव आहे. गांव म्हणजे बहुतेक एकच लांब व रुंद रस्ता. या रस्त्याच्या कडेला उंच माथ्यांची एक दगडी इमारत उभी आहे. तीच बेल इन्. या जागीं पूर्वींहि सराई होती. सध्यांची इमारत इ. स. १६४२ च्या सुमाराची, म्हणजे आपल्याकडे शिवाजीमहाराज बारा वर्षांचे होते त्या वेळची आहे. तिच्या दर्शनी भागीं नक्षीदार लोखंडी दांड्यावर घंटेचें चित्र असलेली तांब्याची भली मोठी पाटी टांगलेली असे. त्या काळीं पुष्कळ लोकांस अक्षरओळख नव्हती, त्यामुळें घंटा, देवदूत, सिंह, मुकुट अशीं चित्रें लावूनच सराया ओळखविल्या जात. स्टिल्टनमध्यें बेलच्या समोरच ‘एंजल’, म्हणजे देवदूत, नांवाची दुसरी सराई होती, आणि दोघींत चुरस चाले. बेलला मधोमध एक कमान आहे. तींतून गाड्या आंतल्या चौकांत जात. चौकाभोंवतीं पागा आणि गवताचीं कोठारें असत.

आतां घोड्यांचें गणित पाहूं. चार घोडे भरलेली गाडी जोरानें ओढूं लागले तर दहा-पंधरा मैलांत त्यांचा दम सरतो. म्हणून तितक्या अंतरावर घोडे बदलावे लागत, आणि अशा प्रत्येक टप्प्यावर एक सराई उभी राही. सुरुवातीस या टप्प्याच्या गाड्या फारच मंद चालत. टपाल तर घोड्यावर बसलेलीं पोरें नेत, आणि तीं वारंवार लुटलीं जात. जॉन पामर नांवाच्या बाथ येथील गृहस्थानें यावर उपाय सुचविला. हा गृहस्थ नाटकगृहाचा चालक होता. टपालाशीं त्याचा कांहीं संबंध नव्हता. त्याच्या योजनेप्रमाणें १७८४ च्या ऑगस्ट महिन्यांत पहिली टपालगाडी ब्रिस्टलहून निघाली व सुमारें सोळा तासांत लंडनला पोंचली. टपालखात्यांतील जुन्या अंमलदारांनीं या योजनेस कसून विरोध केला होता. परंतु पुढच्या दोन वर्षांत टपालगाड्या ग्रेट नॉर्थ रोडवरहि धांवूं लागल्या.

टपालगाडीच्या मागें लाल कोट घातलेला रखवालदार बसे. त्याच्याजवळ रुंद तोंडाची बंदूक, कुलूपबंद पेटींतील घड्याळ आणि एक लांब शिंग असे. शिंग ऐकतांच रस्त्यावरील जकातनाक्यांचीं फाटकें उघडलीं जात; टपालास जकात माफ होती. तोच आवाज सराईच्या चौकांत पोंचला कीं मोतद्दार नवे घोडे खोगीरबंद करून कमानीखालीं आणून उभे करीत. चांगल्या मोतद्दारांस चार घोडे सोडून चार नवे जोडावयास दोन मिनिटेंहि लागत नसत. गाडींत आंत चार प्रवासी बसत. ज्यांचा पैसा थोडा ते टपावर बसून थंडीवाऱ्यांत कुडकुडत. जेवणासाठीं वीस मिनिटेंच मिळत, आणि सराईवाले मुद्दाम इतकें कढत सार वाढतात कीं तें निवेपर्यंत शिंग वाजावें, अशी प्रवाशांची जुनी तक्रार होती. धर्मशाळेंतली चूल धुरकट खरी, पण तिच्यावरचा भात तरी आपलाच असतो!

या गडबडीमुळें खेड्याला जो व्यवहार मिळाला तो मोठा होता. शेतकऱ्याचें ओट व गवत सराईंत खपे. लोहार, सुतार, खोगीर शिवणारा, धोबीण, स्वयंपाकीण अशा कितीएकांचें पोट गाडीच्या चाकावर चाले. बातमीहि तेथेंच प्रथम येई. नेपोलियनशीं चाललेल्या युद्धांत विजय झाला म्हणजे टपालगाड्या हिरव्या डहाळ्यांनीं सजवून निघत, आणि गांवकरी डहाळ्या पाहूनच काय तें ओळखीत. स्टिल्टनजवळच नॉर्मन क्रॉस येथें १७९७ पासून १८१४ पर्यंत फ्रेंच युद्धकैद्यांचा प्रचंड तळ होता. तेव्हां या डहाळ्यांकडे पाहणारे दोन्ही बाजूंचे लोक तेथें होते.

स्टिल्टनचें नांव जगभर झालें तें मात्र घोड्यांमुळें नव्हे, चीजमुळें. दाट, निळ्या शिरांचें, उग्र वासाचें हें चीज आहे. इंग्रज ग्रंथकार डॅनियल डीफो यानें १७२० नंतरच्या दशकांत प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रवासवर्णनांत स्टिल्टन हें गांव चीजसाठीं नामांकित असल्याची नोंद केली आहे. पुढें बेलचा मालक झालेला कूपर थॉर्नहिल मोठा धोरणी व्यापारी होता. लेस्टरशर परगण्यांतील एका शेतकरणीकडून तो उत्तम चीज घेई आणि बेलच्या दारांत उतरणाऱ्या प्रवाशांस विकी, असें परंपरा सांगते. प्रवासी तें लंडनला नेत, आणि कोठून आणलें असें कोणी विचारलें तर अर्थातच ‘स्टिल्टनहून’ असें सांगत. अशा रीतीनें एका गांवाचें नांव दुसऱ्या गांवच्या मालाला चिकटलें. थॉर्नहिल घोडेस्वारहि तसाच होता. १७४५ सालीं त्यानें पैज लावून स्टिल्टनहून लंडन, लंडनहून परत स्टिल्टन आणि पुन्हां लंडन अशी २१३ मैलांची दौड केली. मुदत पंधरा तासांची होती. त्यानें ती सुमारें सवाबारा तासांतच पुरी केली. वाटेंत जागोजाग घोडे बदलण्याची सोय नसती तर हा पराक्रम घडला नसता.

१८३० सालीं लिव्हरपूल-मँचेस्टर लोहमार्ग सुरू झाला. आगगाडीला ना घोडा बदलावा लागतो, ना कमानीखालीं थांबावें लागतें. १८५० सालीं लंडनहून पीटरबरोकडे जाणारा नवा लोहमार्ग स्टिल्टनच्या पूर्वेस कांहीं मैलांवरून गेला. पूर्वीं दिवसरात्र शिंगें ऐकणाऱ्या गांवांत आतां शांतता पसरली. घोडे विकले गेले, पागा ओस पडल्या, मोतद्दारांच्या मुलांनीं दुसऱ्या वाटा धरल्या. रेल्वेनें जगाचें हित केलें असें आपण पुस्तकांत वाचतों, आणि तें खरेंहि आहे. परंतु त्या हिताची किंमत कोणी भरली हें पहावयाचें असेल तर अशा गांवाकडे पहावें.

विसाव्या शतकांत मोटारी आल्या आणि जुना रस्ता पुन्हां जागा झाला. पण मोटारींची गर्दी इतकी वाढली कीं त्यांच्यासाठीं गांवाबाहेरून नवा रुंद रस्ता काढावा लागला, आणि बेल दुसऱ्यांदां एकटी पडली. इमारत मोडकळीस आली होती. शेवटीं १९८० नंतरच्या दशकांत तिची नीट डागडुजी होऊन ती हॉटेल म्हणून पुन्हां उघडली. मागील बाजूस चौकाभोंवतीं निजण्याच्या खोल्या झाल्या, जेवणासाठीं दालन झालें, आणि लग्नसमारंभांसाठीं मंडळी तेथें जमूं लागली. आतां तेथें येणारा मनुष्य वाटेंत थांबत नाहीं, मुद्दाम थांबावयासच येतो.

चीजचें मात्र निराळेंच झालें. १९९६ सालीं युरोपांतील कायद्यानें ‘स्टिल्टन’ या नांवास संरक्षण मिळालें, आणि डर्बीशर, लेस्टरशर व नॉटिंगहॅमशर या तीन परगण्यांत केलेल्या चीजलाच तें नांव देतां येईल असें ठरलें. स्टिल्टन गांव या तिहींपैकीं एकांतहि नाहीं! गांवांतहि अठराव्या शतकाच्या आरंभीं एक प्रकारचें चीज होत असे, असे पुरावे पुढें करून नियम बदलण्याची मागणी झाली; पण २०१३ सालीं सरकारनें ती फेटाळली. त्यामुळें बेलच्या टेबलावर जें स्टिल्टन येतें, तें थॉर्नहिलच्या दिवसांप्रमाणेंच दुसऱ्या परगण्यांतून गाडींत घालून आणावें लागतें.