व्हीलचेअर मागताना पायऱ्यांचे सांगावे

चालण्यास अडचण असलेल्या प्रवाशासाठी विमानतळावर व्हीलचेअर मागणे हे वरवर पाहता एका वाक्याचे काम असले, तरी ते वाक्य अपुरे राहिल्यास प्रवासातला सर्वांत अवघड टप्पा, म्हणजे विमानाच्या शिडीच्या पायऱ्या, त्या प्रवाशालाच आपल्या पायांनी पार करावा लागतो. याचे कारण असे की विमान वाहतुकीच्या व्यवहारात ‘व्हीलचेअर’ ही एकच सेवा नसून तिचे तीन मुख्य प्रकार मानलेले आहेत आणि आरक्षणात त्यांची नोंद चार अक्षरी संकेतांनी होते. ‘डब्ल्यूसीएचआर’ म्हणजे लांब चालू न शकणारा, पण पायऱ्या चढू-उतरू शकणारा प्रवासी. ‘डब्ल्यूसीएचएस’ म्हणजे पायऱ्या मुळीच न जमणारा, मात्र विमानात शिरल्यावर आपल्या आसनापर्यंत चालू शकणारा. आणि ‘डब्ल्यूसीएचसी’ म्हणजे ज्याला थेट आसनावर नेऊन बसवावे लागते असा प्रवासी, ज्याच्यासाठी आसनांच्या रांगांमधल्या बोळातून जाईल अशी अरुंद खुर्ची आणावी लागते. सगळा फरक शेवटच्या अक्षरात आहे.

हा फरक ठाऊक नसल्याची किंमत प्रस्तुत लेखकाच्या मातोश्रींना मोजावी लागली. कोलकात्यातील खिदिरपूरच्या घरातून पुण्याला निघालेल्या, दोन्ही गुडघे संधिवाताने धरलेल्या या प्रवासी; त्यांच्यासाठी फोनवर केवळ ‘व्हीलचेअर हवी’ एवढेच सांगितले गेले, पलीकडून पायऱ्यांविषयी काही विचारले गेले नाही आणि नोंद पहिल्या प्रकाराची झाली. विमान एरोब्रिजला, म्हणजे इमारतीतून थेट विमानाच्या दारापर्यंत जाणाऱ्या झाकलेल्या पुलाला, लागले असते तर ही चूक लक्षातही आली नसती. परंतु ते दूरच्या तळावर उभे होते, तेथे बसने जाऊन शिडीने चढायचे होते, आणि खुर्चीसह प्रवाशाला दारापर्यंत उचलणारी अँब्युलिफ्ट नावाची गाडी मागवलेलीच नव्हती. खुर्ची शिडीच्या पायथ्याशी थांबली, पाय ठेवण्याच्या पट्ट्या दुमडल्या गेल्या, आणि मातोश्री दोन्ही हातांनी कठडा धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पावले टेकवून मगच पुढची पायरी घेत वर गेल्या. खुर्ची ढकलणाऱ्या कर्मचाऱ्याला दोष देणे अन्यायाचे ठरेल, कारण त्याने हातातल्या यादीप्रमाणेच काम केले होते; विचारण्यात कसूर तिकडून झाली आणि सांगण्यात घरच्यांकडून.

म्हणून मागणी करताना प्रवाशाला काय झाले आहे यापेक्षा त्याला काय जमते हे आधी सांगावे: किती पावले चालता येते, किती वेळ उभे राहता येते, एकही पायरी चढता येते का, खुर्चीतून आसनावर स्वतः सरकता येते का. भारतातील नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, नियमांनुसार ही गरज उड्डाणाच्या किमान 48 तास आधी कळवणे अपेक्षित आहे. ती कळवल्यावर नोंदीचा ई-मेल मागून घ्यावा आणि त्यातील संकेत स्वतः वाचावा. मध्ये विमान बदलायचे असेल तर दोन्ही उड्डाणांवर नोंद वेगवेगळी तपासावी, आणि व्हीलचेअरचा प्रवासी बहुधा सर्वांत शेवटी उतरवला जातो हे धरून दोन विमानांमध्ये ऐसपैस वेळ ठेवावा. आणीबाणीच्या दाराजवळचे आसन अशा प्रवाशाला मिळत नाही, तेव्हा ते निवडण्यात पैसे घालू नयेत. स्वतःची विजेवर चालणारी खुर्ची न्यायची असल्यास तिच्या बॅटरीचा प्रकार आणि क्षमता आधीच कळवावी लागते.

ही सेवा म्हणजे उपकार नव्हे, हे कोलकात्यातील एका लढ्याने देशाला दाखवून दिले आहे. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतील इजेमुळे हालचालींवर परिणाम करणारी अवस्था, असलेल्या जीजा घोष 19 फेब्रुवारी 2012 रोजी एका परिषदेसाठी कोलकात्याहून गोव्याला निघाल्या असता त्यांना विमानात बसल्यानंतर खाली उतरवण्यात आले. त्या न्यायालयात गेल्या, आणि 12 मे 2016 रोजी सर्वोच्च न्यायालयाने विमान कंपनीने त्यांना 10 लाख रुपये द्यावेत असा आदेश दिला. अपंगांची प्रतिष्ठा हा दयेचा नसून हक्काचा विषय आहे, ही त्या निकालातली भूमिका फोनवर संकोचाने बोलणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने जवळ बाळगावी. ‘फार त्रास नको द्यायला’ या आपल्याकडच्या भिडेपोटीच गरज कमी करून सांगितली जाते आणि चुकीचे अक्षर नोंदले जाते.

उतरतानाही घाई घातक ठरते. 12 फेब्रुवारी 2024 रोजी मुंबईत परदेशातून आलेल्या वृद्ध दांपत्याला दोन खुर्च्यांऐवजी एकच मिळाली. 80 वर्षांचे पती पत्नीच्या सोबत चालत निघाले, वाटेत कोसळले आणि दगावले, व पुढे डीजीसीएने संबंधित कंपनीला 30 लाख रुपयांचा दंड केला. खुर्ची आलेली नसेल तर आसन सोडू नये, विमानातील कर्मचाऱ्यांना स्पष्ट सांगून बसून राहावे.

खिदिरपूरकरांसाठी एक स्थानिक अडचण आणखी आहे. शहराच्या नैर्ऋत्येकडील या बंदरभागातून ईशान्येच्या दमदम विमानतळावर जायचे म्हणजे सगळे कोलकाता ओलांडायचे. त्यात गोदीकडे जाणाऱ्या कंटेनरच्या लांब गाड्या, आणि जहाजासाठी उचलता पूल उघडला की थांबणारी वाहतूक. उशिरा पोहोचलेल्याला खुर्चीसाठीही ताटकळावे लागते, कारण तोवर खुर्च्या इतर प्रवाशांबरोबर आत गेलेल्या असतात. तेव्हा देशांतर्गत उड्डाणालाही इतरांपेक्षा तासभर आधी पोहोचेल असे निघावे, औषधे सामानात न देता हातातल्या पिशवीत ठेवावीत, आणि टॅक्सी बोलावण्यापूर्वी त्या ई-मेलमधले शेवटचे अक्षर पुन्हा एकदा वाचावे.