जुन्या आवृत्तीची दुरुस्ती मागताना

पारगाव, ता. आंबेगाव

चि. बाळ,

तुझं पत्र मिळालं. पतसंस्थेच्या पावतीवर ‘बोऱ्हाडे’ आडनाव ‘बोर्हाडे’ असं छापून येतं आणि तुला उत्तर काय मिळालं, तर उबुंटू २४.०४ टाका, तिथं नीट येतं. तुझा राग मला पटतो. संस्थेचा संगणक २२.०४ वर आहे, हिशेबाचं सॉफ्टवेअर त्याच्यावर बसवलेलं आहे आणि मार्चअखेर तोंडावर आहे. आत्ता सिस्टीम बदलायला कुठलाही सचिव तयार होणार नाही, आणि होऊही नये. २२.०४ एप्रिल २०२२ मध्ये आली तेव्हाच तिला पाच वर्षं सांभाळायचं ठरलेलं आहे. तेव्हा दुरुस्ती हक्कानं माग, पण नीट तयारी करून माग.

नव्या आवृत्तीत नीट येतं, हा तर तुझ्या हातातला पुरावा आहे. म्हणजे कुणीतरी ते दुरुस्त केलंय. नेमका कोणता बदल ते शोध, आणि तेवढाच जुन्या पॅकेजात आणायला सांग. अख्खं नवं पॅकेज मागशील तर नकार येईल, कारण त्याच्याबरोबर पन्नास गोष्टी बदलतात आणि ज्यांचं सुरळीत चाललंय त्यांचं बिघडतं. स्वतःच्या मनानं पॅचही लिहू नकोस. डेबियन या लिनक्स सिस्टीममध्ये २००६ साली एक इशारा गप्प करण्यासाठी, गुप्त किल्ल्या बनवणाऱ्या ओपनएसएसएलमधल्या ओळी काढल्या गेल्या. मे २००८ मध्ये उघडकीला आलं की त्यामुळे एकेका प्रकारच्या जेमतेम ३२ हजार वेगळ्या किल्ल्या तयार होऊ शकत होत्या. जगभरच्या सर्व्हरांच्या किल्ल्या बदलाव्या लागल्या. जुन्या आवृत्तीतले बदल तपासणारी मंडळी कडक असतात ती उगाच नाही.

उबुंटूचे दोष जिथं नोंदवतात त्या लाँचपॅडवर बग लिहिताना तीन गोष्टी हव्यात: माणसाची अडचण काय होते, दोष कसा दिसतो आणि दुरुस्ती कशी तपासायची, आणि या बदलानं आणखी काय बिघडू शकतं. तिसऱ्या ठिकाणी नवशिके ‘काही धोका नाही’ लिहितात. तिथंच विश्वास जातो. तू विचार करून लिही. ‘बोऱ्हाडे’तला हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी टाइप होतो: नुक्त्याच्या ऱ ला हलन्त देऊन, किंवा साध्या र ला हलन्त आणि झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह लावून. नेपाळीतही तो लागतो. दोन्ही रीती छापून बघ. ‘सूर्य’, ‘पूर्व’ यांचा रफार जागच्या जागी राहतो का तेही बघ. मला विचारशील तर सगळ्यात जास्त वेळ इथं घाल.

२४.०४ आणि पुढच्या चालू आवृत्त्यांमध्येही दुरुस्ती आहे, याची खात्री करून तसं नमूद कर. नाहीतर उद्या संस्थेनं आवृत्ती बदलली की दोष परत येईल.

मान्य झालं की पॅकेज आधी ‘प्रपोज्ड’ या चाचणीच्या कप्प्यात येतं आणि सहसा किमान सात दिवस तिथं राहतं. बहुतेक लोक इथंच ढिले पडतात. आपलं काम झालं असं समजून गप्प बसतात, कुणी तपासत नाही, आणि पॅकेज तिथंच अडकून पडतं. फार दिवस गेले की काढूनही टाकतात. तू ते उतरवून घे, पावती छाप, कोणत्या क्रमांकाचं पॅकेज तपासलं ते लिही, आणि बगवरची ‘व्हेरिफिकेशन-नीडेड-जॅमी’ ही खूण (जॅमी म्हणजे २२.०४) काढून ‘व्हेरिफिकेशन-डन-जॅमी’ लाव. बिघडलेलं दिसलं तर तेही स्पष्ट लिही. तुझ्या आधी ते कळवणारं दुसरं कुणी नसेल.

ही तपासणी काउंटरवरच्या संगणकावर मुळीच करू नकोस. संस्थेत मागच्या खोलीत एक जादा मशीन पडून आहे. मी सचिवांशी बोलून ठेवतो, रविवारी ये. प्रिंटर तोच वापर. आणि खातेदारांची खरी पावती बगला जोडू नकोस, तिथं लिहिलेलं सगळ्यांना दिसतं. खोटं नाव, खोटा खाते क्रमांक घालून नमुना बनव.

आईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा